याचा गुन्हा काय? : ‘कॅप्टन ब्लड’ (१९३५) या चित्रपटाचा प्रकरण अभ्यास

चाच्यांचा सिनेमा म्हणून लावला आणि बराच वेळ समुद्र दिसेचना. पावसाळी रविवार होता. आई शेजारी लसूण सोलत बसली होती. तिची सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून गेली, त्यामुळे पडद्यावर कुणाला पट्टी बांधत असतील तर ती मान वर करते. इथे तेच चाललं होतं. १६८५ सालचं इंग्लंड. पीटर ब्लड नावाच्या एका डॉक्टरला रात्री दार ठोठावून उठवतात आणि जखमी माणसाकडे नेतात. तो उपचार करत असतानाच राजाचे शिपाई आत घुसतात आणि राजद्रोही म्हणून त्यालाही धरतात. आईचे हात थांबले.

“अरे, पण याचा गुन्हा काय?”

मी या चित्रपटाकडे एक ‘प्रकरण’ म्हणून पाहत होतो. नायक ठरलेला नाही, जहाज नाही, संगीताला जेमतेम तीन आठवडे, आणि तरीही हॉलिवूडमधल्या पोशाखी साहसपटांना ज्याने पुन्हा उभारी दिली असा हा चित्रपट जमला कसा, एवढंच मला शोधायचं होतं. तलवारबाजी, नट, संगीत अशी कारणं माझ्या वहीत उतरवून झाली होती. आईच्या प्रश्नानंतर त्या यादीचा क्रम बदलला.

घरातलं जुनं भांडं

१९३४ मध्ये ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ आणि ‘ट्रेझर आयलंड’ चांगले चालले, तेव्हा स्टुडिओंच्या लक्षात आलं की झालरीचे सदरे आणि तलवारी यांना पुन्हा गिऱ्हाईक आहे. वॉर्नर ब्रदर्सचा हा प्रांत नव्हता. त्यांची ख्याती गुंडांच्या आणि नाचगाण्यांच्या चित्रपटांसाठी. पण राफाएल साबातिनी यांच्या १९२२ च्या ‘कॅप्टन ब्लड’ या कादंबरीचे हक्क त्यांच्याकडे आयतेच पडून होते. व्हिटाग्राफ कंपनीने १९२४ मध्ये त्यावर मूकपट काढला होता, पुढच्याच वर्षी वॉर्नरने ती कंपनी विकत घेतली आणि हक्कही त्यासोबत आले. माळ्यावरचं पितळेचं भांडं काढून घासावं, तसा हा प्रकार.

नायक म्हणून रॉबर्ट डोनाट ठरला होता, ‘माँटे क्रिस्टो’चाच नायक. तो बाहेर पडला. त्याला दम्याचा त्रास होता आणि कराराच्या कुरबुरीही होत्या. कारण काहीही असो, स्टुडिओपुढे तयारीला लागलेला मोठा चित्रपट होता आणि मधली जागा रिकामी होती.

त्या जागी एरल फ्लिन आला. वय २६, जन्म टास्मानियातल्या होबार्टचा, आणि मधली काही वर्षं न्यू गिनीत नाना उद्योग करण्यात गेलेली. पडद्यावरची जमा म्हणाल तर १९३३ चा एक ऑस्ट्रेलियन चित्रपट, इंग्लंडमधल्या वॉर्नरच्या स्टुडिओतला एक, आणि हॉलिवूडमधली एक-दोन फुटकळ कामं. त्यांतल्या एका रहस्यपटात तो मुख्यतः प्रेत म्हणून आहे, शेवटी एका आठवणीच्या दृश्यात तेवढा हलतो. त्या रहस्यपटाचा दिग्दर्शक मायकेल कर्टिझ, आणि ‘कॅप्टन ब्लड’चाही तोच. म्हणजे ज्याला आपण प्रेत म्हणून पाहिलं, त्याच्याच खांद्यावर आता कर्टिझला दोन तासांचा चित्रपट द्यायचा होता. नायिका ऑलिव्हिया द हॅविलंड १९ वर्षांची. दोघांचीही बाजारात किंमत शून्य.

सुरुवातीला फ्लिन बुजलेला होता. पुढे त्याचा जम बसत गेला, तेव्हा आधी घेतलेली बरीच दृश्यं पुन्हा चित्रित करावी लागली. हा खर्च कुणी हौसेने करत नाही. दुसरीकडे निर्मितिप्रमुख हॅल वॉलिस आणि कर्टिझ यांची चिठ्ठ्यांमधून लढाई चालू होती. ब्लडला लेस लावलेले भरजरी कपडे कशाला, साधा सदरा घाला, रांगडा दिसू दे, हे हजारदा सांगून मी थकलो, अशा अर्थाची वॉलिसची वैतागलेली चिठ्ठी प्रसिद्ध आहे. माझं मत वॉलिसच्या बाजूने. पण पडद्यावर कर्टिझनेही आपलं बरंच चालवून घेतलंय, हे उत्तरार्धातले ब्लडचे कोट पाहिले की कळतं.

जाता जाता एक गंमत. ही इंग्लंडच्या इतिहासाची गोष्ट. लिहिणारा इटलीत जन्मलेला, दिग्दर्शक बुडापेस्टचा, संगीतकार ब्रनो गावात जन्मून व्हिएन्नात वाढलेला, नायक टास्मानियाचा, नायिकेचा जन्म टोकियोचा, खलनायक बॅसिल रॅथबोनचा जोहान्सबर्गचा. आणि ब्लड स्वतः आयरिश.

दहा पौंडांचा माणूस

आता आईच्या प्रश्नाकडे. त्याचं उत्तर इतिहासात आहे, आणि ते चित्रपटापेक्षा भयंकर आहे.

दुसऱ्या चार्ल्सला औरस मूल नव्हतं. तो वारला आणि त्याचा भाऊ दुसरा जेम्स गादीवर आला. चार्ल्सचा अनौरस मुलगा ड्यूक ऑफ मॉन्मथ ११ जून १६८५ रोजी लाइम रीजिसला उतरला आणि त्याने बंड पुकारलं. त्याच्यामागे गेले ते विणकर, शेतमजूर, छोटे कारागीर. ६ जुलैच्या पहाटे सेजमूरच्या दलदलीत त्यांचा चुराडा झाला. मॉन्मथचं मुंडकं उडवलं गेलं आणि उरलेल्यांचा निवाडा करायला न्यायाधीश जेफ्रीज निघाला. तीनशेच्या आसपास माणसं फासावर गेली, आठशेहून अधिक वेस्ट इंडीजमध्ये विकली गेली. बंडखोराला आसरा देणारा तोही बंडखोर, असा कायदा होता. ॲलिस लाइल नावाच्या म्हातारीने पळून आलेल्यांना एका रात्रीपुरतं घरात घेतलं, तेवढ्यावरून विंचेस्टरला तिचा शिरच्छेद झाला. तेव्हा ‘याचा गुन्हा काय’ हा प्रश्न त्या उन्हाळ्यात आईच्याही आधी पुष्कळांनी विचारला असणार.

साबातिनींच्या डॉक्टरमागे एक खरा डॉक्टर उभा आहे. त्याचं नाव हेन्री पिटमन. सॉमरसेटचा हा शल्यवैद्य मॉन्मथचं सैन्य बघायला म्हणून गेला, परतीची वाट बंद झाली, आणि मग तो दोन्ही बाजूंच्या जखमींना मलमपट्टी करत राहिला. पकडला गेला आणि बार्बाडोसला रवाना झाला. तिथे पोहोचल्यावर सुटका होईल या बोलीवर घरच्यांनी एका दलालाला साठ पौंड मोजले होते. दलालाने ते गिळले. ज्या मळेवाल्याच्या पदरी तो पडला त्याचं नाव रॉबर्ट बिशप. त्याने पिटमनला छडीने झोडपलं आणि भर उन्हात बारा तास खोड्यात अडकवून ठेवलं. १६८७ मध्ये पिटमन काही सोबत्यांसह एका उघड्या होडीतून पळाला, एका ओसाड बेटावर अडकला, चाच्यांच्या गाठीभेटी झाल्या, आणि अखेर इंग्लंडला पोहोचून १६८९ मध्ये त्याने सगळी हकिगत छापली.

कादंबरीतला क्रूर मळेवाला कर्नल बिशप आहे. ब्लडच्या मित्राचं आडनाव पिट आहे. गव्हर्नर स्टीड आहे, आणि त्या काळी बार्बाडोसचा कारभार पाहणाऱ्याचं आडनाव खरोखर तेच होतं. साबातिनींनी कागदपत्रं नुसती चाळली नव्हती, त्यांत मुक्काम ठोकला होता.

आता एक आकडा बघा. चित्रपटात पोर्ट रॉयलच्या धक्क्यावर लिलाव भरतो. बिशप जनावर तपासावं तशी माणसं तपासत फिरतो. ब्लडच्या तोंडात तो डोकावू पाहतो, तर ब्लड मिजास दाखवतो आणि बिशपचा सौदा फिसकटतो. तेव्हा त्याची पुतणी ॲराबेला दहा पौंडांची बोली लावते. हे दहा पौंड हवेतून आलेले नाहीत. हे कैदी माणशी दहा, फार तर पंधरा पौंडांचे आहेत, असं जेफ्रीजनेच राजाला लिहून कळवलं होतं. आपल्याला आणखी एक दहा पौंडांचा व्यवहार ठाऊक असायला हवा. मॉन्मथचा बाप दुसरा चार्ल्स याला मुंबई आंदण मिळाली, आणि १६६८ मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली ती वर्षाला दहा पौंड भाड्याने. एक डॉक्टर आणि एक बंदर, दर तोच.

पटकथेने काय राखलं

कादंबरी मुळात मासिकात आलेल्या सुट्या गोष्टींमधून आकाराला आली, त्यामुळे तिच्यात प्रसंग मुबलक आहेत. पटकथाकार केसी रॉबिन्सन याने त्यांतले निम्मे सहज उडवले. माराकाइबोची मोहीम गेली. डॉन मिगेल हा सूडाने पेटलेला स्पॅनिश सरदार गेला. बार्बाडोस आणि जमैका एकत्र करून सगळं पोर्ट रॉयलला आणलं. कादंबरीवर प्रेम करणारे यावर नाराज असतात. मी नाही. दोन तासांत दोन बेटं सांभाळायची म्हणजे प्रेक्षकाच्या हातात नकाशा द्यावा लागला असता.

हात लावला नाही तो डॉक्टरकीला. कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात पीटर ब्लड पाईप ओढत खिडकीतल्या जेरॅनियमच्या कुंड्यांची निगा राखतोय. खाली रस्त्यावर माणसं बंडाला निघाली आहेत, आणि हा झाडांना पाणी घालतोय, कारण लढाया करून त्याचं मन भरलंय. नायकाची अशी ओळख करून देणं निर्मात्याला धोक्याचं वाटू शकतं. पण पुढचा प्रत्येक सांधा त्यावरच फिरतो. जखमी माणसावर उपचार केले म्हणून अटक. न्यायालयात, रुमाल तोंडाशी धरून बसलेल्या जेफ्रीजला तो वैद्याच्या नजरेने पाहतो आणि तुझी फुप्फुसं संपत आलीत असं तोंडावर सांगतो. मळ्यात मरणाची मजुरी, पण गव्हर्नरचा पाय गाऊट या सांध्यांच्या दुखण्याने ठणकतोय आणि बेटावरचे दोन अधिकृत डॉक्टर निव्वळ ठोंबे आहेत. ब्लड तो पाय ताळ्यावर आणतो आणि त्याला बेटावर मोकळं हिंडायला मिळतं. त्या दोघांचा धंदा बसतो, म्हणून ते त्याला पळून जायला मदत करायला तयार होतात. रोगी, औषध, धंद्यातली असूया. इथवर तलवार नाही.

गव्हर्नरच्या पायाचं दृश्य विनोदी म्हणून घेतलंय. पाय उशीवर ठेवलेला, गव्हर्नर कण्हतोय, दोन डॉक्टर एकमेकांकडे बघतायत. आई हसली नाही. “मोठ्या साहेबाचा पाय दुखला की वॉर्डात असंच असतं,” एवढंच म्हणाली.

मग पळायच्या ऐन वेळी बेत फसतो, ब्लडवर चाबूक पडणार एवढ्यात बंदरावर स्पॅनिश तोफा धडाडतात. स्पॅनिश खलाशी किनाऱ्यावर लूट आणि दारू यांत गुंग असताना गुलाम त्यांचंच जहाज पळवतात. इथे येऊन कुठे चित्रपट चाच्यांचा होतो. तोवर बराच चित्रपट सरलेला असतो, आणि ‘हा लुटारू का झाला’ असं विचारायला प्रेक्षकाकडे कारणच उरत नाही. साहसपटात पहिल्या दहा मिनिटांत मारामारी हवी, असं आजही सांगतात. इथे ती उशिरा येते म्हणूनच तिला वजन आहे.

ब्लडच्या जहाजावर करारनामा वाचला जातो, तोही याच धाग्यातला. अवयव गमावणाऱ्याला भरपाई. ही पटकथेची भावुकता नाही. एक्सकेमलिन या चाच्यांसोबत राहिलेल्या वैद्याचं पुस्तक १६७८ मध्ये ॲम्स्टरडॅमला निघालं, त्यात दर दिलेत: उजवा हात गेला तर ६०० स्पॅनिश नाणी, डावा हात ५००, डोळा १००. तेही पुस्तक एका डॉक्टरचंच, हे मला नंतर सुचलं.

उसनवारी

बाकीचं बरंचसं काटकसरीने आणि उसनं. त्याच वर्षी एमजीएमने ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’साठी खरी गलबतं समुद्रावर नेली. ‘कॅप्टन ब्लड’मध्ये डेक स्टुडिओत बांधले आणि समुद्रावरची बरीचशी जहाजं म्हणजे अठरा फुटांच्या आसपासच्या प्रतिकृती. काही लढाईचे तुकडे तर १९२४ च्या मूकपटांतून उचलले, त्यांत ‘द सी हॉक’ही आला. शेवटची फ्रेंच जहाजांशी झुंज नीट पाहिली तर सांधे दिसतात. मधूनच चित्राचा पोत बदलतो, माणसांची हालचाल थोडी भरभर होते. संकलक जॉर्ज एमी याने तुकडे इतके आखूड ठेवलेत की शंका येईपर्यंत पुढची तोफ सुटलेली असते.

द्वंद्व मात्र उसनं नाही. कॅलिफोर्नियातल्या लगुना बीचच्या किनाऱ्यावर ते चित्रित झालं. लेव्हासर या फ्रेंच चाच्याशी (हाच रॅथबोन) ब्लडची भागीदारी असते, आणि त्याने पकडून आणलेल्या ॲराबेलावरून ती फिसकटते. तलवारबाजी बसवली बेल्जियन उस्ताद फ्रेड कॅव्हन्स याने. त्याचं तत्त्व साधं होतं: वार शास्त्राप्रमाणे हवेत, पण कॅमेऱ्याला दिसतील एवढे मोठे. मी हा प्रसंग थांबवत थांबवत पाहिला. रॅथबोनचं मनगट बघा, हालतं न हालतं. त्याला ही विद्या खरोखर येत होती. फ्लिन खांद्यापासून तलवार फिरवतो. शिकलेला माणूस हरतोय आणि नवशिका जिंकतोय. पण नवशिक्याच्या अंगात जी बेफिकिरी आहे ती शिकवून येत नाही, म्हणून खोटं वाटत नाही. खडकांवरून झटापट खाली वाळूत येते. लेव्हासर पाण्याच्या कडेला कोसळतो, आणि एक लाट येऊन त्याच्या अंगावरून जाते. कर्टिझ त्या लाटेसाठी थांबलाय. बोलणं नाही, विजयाची आरोळी नाही.

आणि त्यावर वाजतंय ते चक्क एकोणिसाव्या शतकातल्या फ्रांझ लिस्ट या संगीतकाराचं. एरिक वोल्फगँग कोर्नगोल्ड हा व्हिएन्नाचा नावाजलेला ऑपेरा-रचनाकार. हॉलिवूडसाठी त्याचं हे पहिलंच पूर्ण स्वतंत्र पार्श्वसंगीत. वेळ तीनेक आठवड्यांचा. शेवटी वेळ पुरला नाही तेव्हा त्याने द्वंद्वासाठी लिस्टच्या ‘प्रोमिथियस’ या रचनेतला भाग घेतला. मग हट्ट धरला की श्रेयनामावलीत माझ्या नावापुढे फक्त ‘संगीत संयोजन’ लिहा. इतकी मिनिटं दुसऱ्याची असताना सगळं माझं कसं म्हणू? आजही ती पाटी तशीच दिसते. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडलेला माणूस हा.

जे पडद्यावर नाही

इथे कौतुक थांबवावं लागतं. १६८० च्या दशकात बार्बाडोस आणि जमैकातल्या उसाच्या मळ्यांवर राबणारे बहुसंख्य लोक आफ्रिकेतून धरून आणलेले होते. चित्रपटात गुलाम म्हणून चाबूक खाणारे, चाकाला जुंपलेले लोक बहुतेक सगळे गोरे आहेत. आफ्रिकन जवळजवळ दिसतच नाहीत. मॉन्मथच्या कैद्यांची शिक्षा दहा वर्षांची होती. आफ्रिकन माणसाची मुदत त्याच्या मुलांच्या पिढीतही संपत नव्हती. ‘गुलामगिरी वाईट’ असं चित्रपट जोरात म्हणतो, पण ती वाईट ठरते कारण ती चुकीच्या माणसांच्या वाट्याला आली, असा त्याचा सूर आहे. पिटमनच्या हकिगतीत याहून टोचणारी गोष्ट आहे. स्वतः विकला गेलेला हा माणूस ओसाड बेटावर चाच्यांकडून एका मूळनिवासी कैद्याला विकत घेतो, मासे मारायला म्हणून. साबातिनींनी ते ब्लडला दिलं नाही. नायकाला ते पेललं नसतं.

दुसरी खुबी अशी की ब्लड शेवटी सुधारत वगैरे नाही, राजा बदलतो. १६८८ मध्ये हॉलंडचा विल्यम गादीसाठी इंग्लंडला उतरला, जेम्स पळाला, आणि कालचा चाचा आज आरमाराचा अधिकारी. तोच माणूस, तेच जहाज, शिडावरचं निशाण तेवढं वेगळं. कान्होजी आंग्र्यांना इंग्रजी दप्तरात चाचा म्हटलेलं आणि आपल्या दप्तरात सरखेल म्हटलेलं वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये.

निकाल

डिसेंबर १९३५ मध्ये चित्रपट लागला आणि चालला. ऑस्करला सर्वोत्तम चित्रपटाचं नामांकन मिळालं. दिग्दर्शन, पटकथा आणि संगीत यांना नामांकन नसतानाही मतदारांनी आपणहून नावं लिहून मतं दिली, त्या वर्षी तशी सोय होती. सर्वोत्तम चित्रपटाचं बक्षीस खऱ्या गलबतांच्या ‘बाउंटी’ला गेलं. फ्लिन एका चित्रपटात तारा झाला. त्याने आणि द हॅविलंडने मिळून आठ चित्रपट केले. कोर्नगोल्ड हॉलिवूडला परतत राहिला, आणि १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळलं तेव्हा हा ज्यू संगीतकार ‘रॉबिन हुड’च्या कामासाठी अमेरिकेत होता. तेवढ्याने वाचला.

शेवटच्या दृश्यात बिशप गव्हर्नरच्या दालनात येतो आणि खुर्चीत ब्लड बसलेला असतो. आई मनापासून हसली. मग लसणाची सालं गोळा करता करता तिने विचारलं, “त्या न्यायाधीशाचं काय झालं रे? खरा होता ना तो?”

खरा होता. जेम्स पळाल्यावर जेफ्रीज खलाशाच्या वेषात पळायला बघत होता, तेव्हा पकडला गेला. एप्रिल १६८९ मध्ये टॉवर ऑफ लंडनमध्ये वारला. मुतखड्याचा जुना रोगी होता, मूत्रपिंडाच्या दुखण्यानेच गेला.

“म्हणजे फुप्फुसं नव्हेत,” ती म्हणाली. “डॉक्टरचं निदान चुकलं.” आणि चहा ठेवायला उठली.